वजावट कायद्यात, लाभ मात्र तारखेत

(छोटे व्यावसायिक व नोकरदार यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाची संहिता)



दिवाळीत महाराष्ट्रातील बाजारपेठांतून आजही वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते आणि 'शुभ' व 'लाभ' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले जातात. एके काळी अनेक पेढ्यांचे हिशेबाचे वर्षही याच मुहूर्तावर सुरू होत असे. प्राप्तिकर कायद्यालाही त्याची हरकत नव्हती. करदात्याने आपले हिशेबी वर्ष निवडावे, अशी मुभा होती. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून ही मुभा संपली आणि साऱ्या देशासाठी ३१ मार्च हीच वर्षअखेर ठरली. पाडवा पूजेपुरता उरला, हिशेब मार्चला बांधला गेला. या बदलाला साडेतीन दशके लोटली, तरीही अनेक छोट्या व्यावसायिकांच्या मनात हिशेबाची तारीख 'सवड मिळेल तेव्हा' हीच आहे. त्यांचे खरे नुकसान कराच्या दराने होत नाही. ते या सवडीने होते.

प्राप्तिकराचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पैसे कशात गुंतवले म्हणजे कर वाचेल? 'कोणत्या दिवसापर्यंत?' हा दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. वास्तविक पाहता कायद्याने दिलेली बहुतेक प्रत्येक वजावट एखाद्या तारखेला बांधलेली आहे. तारीख चुकली की वजावट कायद्याच्या पुस्तकात जागच्या जागी राहते, करदात्याच्या पदरात मात्र काही पडत नाही.

कायदा बदलला, तत्त्व तेच

भारतात आधुनिक प्राप्तिकर आला तो २४ जुलै १८६० रोजी. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी इंग्रज सरकारचे वित्तसदस्य जेम्स विल्सन यांनी तो आणला. परक्या सत्तेने लादलेला कर चुकविण्यात त्या काळी कोणाला कमीपणा वाटला नसेल, तर ते समजण्यासारखे आहे. पण स्वतंत्र भारताने स्वतःच्या संसदेत १९६१ चा प्राप्तिकर कायदा केला आणि तो १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला. सहा दशकांनंतर त्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ ने घेतली असून तो १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला आहे. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सर्वांच्या तोंडी बसलेले '८० सी' आता कलम १२३ झाले आहे, आणि 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' या जोडीऐवजी 'करवर्ष' हा एकच शब्द आला आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे. म्हणून या विवेचनात कलमे जुन्या क्रमांकांनी आणि आकडे २०२५-२६ या वर्षाचे दिले आहेत.

दोन प्रणाली

आज करदात्यापुढे दोन वाटा आहेत. नवी करप्रणाली २०२० च्या वित्त अधिनियमाने आली आणि २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली ठरली. करदात्याने काही न सांगितल्यास त्याचा कर नव्या प्रणालीनेच मोजला जातो. २०२५-२६ साठी या प्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. पुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के, १६ लाखांपर्यंत १५ टक्के, २० लाखांपर्यंत २० टक्के, २४ लाखांपर्यंत २५ टक्के आणि त्यावर ३० टक्के असे दर आहेत. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असलेल्या निवासी व्यक्तीला कलम ८७ ए खाली संपूर्ण करमाफी मिळते. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला मात्र ही माफी लागू नाही.

या कमी दरांची किंमत म्हणजे नव्या प्रणालीत ओळखीच्या बहुतेक वजावटी नाहीत. त्या जुन्या प्रणालीतच मिळतात. तेथे भविष्यनिर्वाह निधी, विमा, मुलांचे शिक्षणशुल्क, गृहकर्जाचे मुद्दल आदींसाठी ८० सी खाली दीड लाख. राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठी आणखी ५० हजार. आरोग्यविम्यासाठी ८० डी खाली कुटुंबाकरिता २५ हजार आणि आईवडील ज्येष्ठ नागरिक असल्यास त्यांच्याकरिता ५० हजार. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजासाठी २ लाख. ज्येष्ठांच्या ठेवींवरील व्याजासाठी ५० हजार, अशी ही यादी आहे. त्यातही अटी आहेत. आरोग्यविम्याचा हप्ता रोखीने भरला तर वजावट नाही. देणगी २ हजारांहून अधिक रोखीने दिली तर वजावट नाही. आणि यांतील गुंतवणूक, हप्ते व देणग्या यांची रक्कम ३१ मार्चपर्यंत भरलेली असली पाहिजे. १ एप्रिलला भरलेला हप्ता पुढच्या वर्षाचा.

एका नोकरदाराचे गणित

एक कल्पित उदाहरण घ्यावे. पुण्यात भाड्याने राहून नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा वार्षिक पगार १५ लाख रुपये आहे. कर्ज काढून त्यांनी रत्नागिरीत घर बांधले असून तेथे त्यांचे वृद्ध आईवडील राहतात. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर त्यांचे उत्पन्न १४ लाख २५ हजार होते आणि उपकरासह कर येतो ९७,५०० रुपये.

जुन्या प्रणालीत त्यांनी ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८० सी चे दीड लाख, पेन्शन योजनेचे ५० हजार, आरोग्यविम्याचे एकूण ७५ हजार आणि गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख वजा केले, तर व्यवसाय कर बाजूला ठेवून ९ लाख ७५ हजार उरतात. कर येतो १,११,८०० रुपये. म्हणजे एवढ्या वजावटी घेऊनही जुनी प्रणाली महागच पडली! 'वजावट आहे म्हणजे फायदा आहे' हा समज किती फसवा आहे, ते येथे दिसते. परंतु त्यांना घरभाडे भत्त्यापोटी आणखी २ लाखांची सूट मिळत असेल, तर चित्र पालटते. उत्पन्न ७ लाख ७५ हजारांवर येते, कर ७०,२०० रुपये होतो आणि जुनी प्रणाली २७,३०० रुपयांनी स्वस्त ठरते.

आता तारखेचा प्रश्न. केवळ पगारदार असलेल्या व्यक्तीला दोन प्रणालींमधील निवड दर वर्षी करता येते. पण जुनी प्रणाली हवी असल्यास विवरणपत्र मुदतीतच भरले पाहिजे. या गृहस्थांनी मालकाकडे सारे पुरावे वेळेवर दिले, टीडीएसही जुन्या प्रणालीने कापला गेला, पण विवरणपत्र मुदतीनंतर महिनाभराने भरले, तर त्यांच्यापुढे नव्या प्रणालीवाचून दुसरा मार्ग उरत नाही. वर्षभर जमविलेल्या पावत्या निरुपयोगी होतात. २७,३०० रुपये अधिक कर, त्यावर व्याज आणि ५ हजार रुपये विलंबशुल्क एवढा भुर्दंड पडतो. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि गेला तो केवळ एका तारखेपायी.

व्यावसायिकाची निवड अधिक जपून

व्यवसायातून उत्पन्न असणाऱ्याला दर वर्षी वाट बदलण्याची मोकळीक नाही. त्याला जुनी प्रणाली हवी असेल तर २०२५-२६ च्या वर्षासाठी १०-आयईए हा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीच्या आत भरावा लागतो. पुढे तो नव्या प्रणालीत परत आला, की व्यवसायाचे उत्पन्न असेतोवर जुन्या प्रणालीचे दार पुन्हा उघडत नाही. म्हणून शेजारच्या दुकानदाराने काय केले हे पाहून निर्णय घेऊ नये. स्वतःच्या पुढील तीन-चार वर्षांचा अंदाज बांधून घ्यावा.

छोट्या दुकानदारासाठी कलम ४४ एडी ची अनुमानित करआकारणी ही खरी सोय आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर ३ कोटींपर्यंत, असल्यास उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून कर भरता येतो. बँकेमार्फत अथवा यूपीआयसारख्या मार्गाने आलेल्या जमेवर हे प्रमाण ६ टक्के आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांसाठी कलम ४४ एडीए असून तेथे ५० लाखांपर्यंतच्या, आणि रोखीची तीच अट पाळल्यास ७५ लाखांपर्यंतच्या, जमेवर निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते.

समजा, एका किराणा दुकानाची उलाढाल ९० लाख आहे. ६० लाख बँकेमार्फत आले, ३० लाख रोख गल्ल्यात. पहिल्यावर ६ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार आणि दुसऱ्यावर ८ टक्क्यांनी २ लाख ४० हजार, मिळून ६ लाख उत्पन्न झाले. दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीत करमाफीमुळे कर शून्य. एकही वजावट शोधावी लागली नाही! परंतु कर शून्य आला म्हणून विवरणपत्राची गरज नाही, असे समजणे चूक आहे. माफी मिळण्याआधीचे उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्याने विवरणपत्र भरणे बंधनकारकच आहे. दुसरे असे की, ६ आणि ८ टक्के ही किमान पातळी आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर अधिकच दाखवावा, हे कायद्याचे म्हणणे आहे. आणि एकदा ही योजना स्वीकारून पुढील पाच वर्षांच्या आत ती सोडली, तर त्यानंतर पाच वर्षे तिचा आधार घेता येत नाही.

नियमित हिशेब ठेवणाऱ्याने खर्चाची वजावट घेताना रोखीकडे लक्ष द्यावे. एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांहून अधिक खर्च रोखीने दिला, तर तो खर्च कितीही खरा असला तरी वजा होत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५ हजार आहे.

दुसऱ्याच्या घामाचे पैसे

२०२३-२४ पासून लागू झालेली एक तरतूद छोट्या उत्पादकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. कलम ४३ बी मध्ये 'एच' हे उपकलम जोडले गेले. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली आणि त्याचे पैसे कायद्याने ठरविलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा होतो. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांची आहे.

इचलकरंजीत चार यंत्रांवर कपडे शिवून देणारा उद्योजक डोळ्यांसमोर आणावा. त्याने १ फेब्रुवारीला कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला ४ लाखांचा माल दिला. करार नाही. व्यापाऱ्याने ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षी त्याच्या खर्चातून ४ लाख वगळले जातात आणि तेवढ्या नफ्यावर त्याला कर भरावा लागतो. शिवाय २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देणे लागते आणि ते व्याजही वजावटीस पात्र नाही. उधारी थकवणे ही व्यापारातील हुशारी मानण्याची रीत होती. कायद्याने तिला किंमत लावली. मात्र या संरक्षणासाठी त्या उद्योजकाची उद्यम नोंदणी असावी आणि ती त्याच्या बिलावर दिसावी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रेता म्हणून हे संरक्षण नाही, हेही ध्यानात असावे.

उशिराची खरी किंमत

विलंबशुल्क सर्वांना ठाऊक असते. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १ हजार, अन्यथा ५ हजार रुपये. थकलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज. एवढेच असते तर 'भरून टाकू' असे म्हणता आले असते. पण उशिराची खरी किंमत तोट्याच्या वर्षी कळते.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणची बाजारपेठ पुराच्या पाण्यात गेली. एका रात्रीत दुकानांतील माल चिखल झाला. अशा वर्षाचा व्यवसायतोटा पुढील आठ वर्षांच्या व्यवसायनफ्यातून वजा करण्याची मुभा कायदा देतो. अट एकच, त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे. त्या वर्षासाठी ही मुदत ३१ जुलै २०२२ होती आणि ती वाढविली गेली नाही. ज्याने नीट हिशेब ठेवून मुदत पाळली, त्याचा न भरून निघालेला तोटा २०३०-३१ या करनिर्धारण वर्षापर्यंत त्याच्या नावे उभा राहिला. 'यंदा कमाईच नाही, तर विवरणपत्र कशाला?' असे म्हणून जो थांबला, त्याचा माल पाण्याने नेला आणि वजावट तारखेने नेली. ज्या वर्षी कर भरण्यासारखे काही नसते, त्याच वर्षी विवरणपत्राची गरज सर्वाधिक असते. पुढे बँकेच्या दारात कर्जासाठी उभे राहताना हीच कागदपत्रे पत सांगतात.

मुदतवाढीच्या आशेवर बसणेही धोक्याचे आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ३१ जुलै २०२५ ची तारीख आधी १५ सप्टेंबर आणि मग एका दिवसाने १६ सप्टेंबर झाली, हे खरे. पण २०२२ साली तसे झाले नाही. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पी भाषणात, लेखापरीक्षण न लागणाऱ्या व्यावसायिकांना ३१ ऑगस्टपर्यंत मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला गेला. पगारदार आदींसाठी मात्र ३१ जुलैच ठेवण्यात आली. शहाण्याने ३१ जुलै ही आपली तारीख मानावी. मिळाली तर मुदतवाढ ही अडचणीतल्या माणसासाठी असते, आळसासाठी नव्हे.

खोटी वजावट

वजावटींच्या चर्चेत एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. न दिलेल्या देणग्या, न घेतलेले विमे आणि न भरलेली भाडी दाखवून परतावा मिळवून देणारे मध्यस्थ गावोगावी निर्माण झाले. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या दाव्यांविरुद्ध देशभर तपासणी केली. मध्यस्थ आपला वाटा घेऊन जातो; स्वाक्षरी करदात्याची असते आणि उत्तरही त्यालाच द्यावे लागते. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास चुकविलेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. पूर्वी चूक झाली असेल तर ती सुधारण्याचा मार्गही कायद्याने ठेवला आहे. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. त्यासाठी कर व व्याजाच्या रकमेवर विलंबानुसार २५ ते ७० टक्के अधिक द्यावे लागतात.

भिंतीवरील सात तारखा

सारांश असा की, दुकानातील दिनदर्शिकेवर सात तारखांभोवती लाल वर्तुळ असावे. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या आगाऊ कराच्या तारखा. वर्षाचा देय कर टीडीएस वजा जाता १० हजार वा त्याहून अधिक होत असेल, तर या दिवसांपर्यंत अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के कर भरलेला असावा. अनुमानित योजनेतील व्यावसायिकाला १५ मार्च ही एकच तारीख पुरते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला या हप्त्यांतून सूट आहे. पाचवी ३१ मार्च, गुंतवणुकीची आणि थकलेली बिले फेडण्याची. सहावी ३१ जुलै, विवरणपत्राची. सातवी ३१ डिसेंबर, उशिराच्या विवरणपत्राची अखेरची. ही तारीख नजरेस पडावी ती केवळ सावध करण्यासाठी. ज्यांना लेखापरीक्षण लागते, त्यांनी अहवालासाठी ३० सप्टेंबर आणि विवरणपत्रासाठी ३१ ऑक्टोबर या तारखा जोडून घ्याव्यात.

विवरणपत्र भरण्याआधी वार्षिक माहिती विवरण आणि २६ एएस स्वतःच्या वहीशी ताडून पाहावे आणि भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी. पडताळणी याहून उशिरा झाली तर तोच दिवस विवरणपत्र भरल्याचा दिवस मानला जातो आणि वेळेवर केलेले कामही उशिराचे ठरते.

वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' हे शब्द शेजारी लिहिण्यामागे पूर्वजांचा काही विचार असलाच पाहिजे. खरा हिशेब हे शुभ आणि वेळेवर मिळालेली वजावट हा लाभ. पहिल्या पानावर हे दोन शब्द लिहिणाऱ्याने त्याच वहीच्या मागील पानावर या सात तारखाही लिहून ठेवाव्यात. त्यासाठी पुढच्या पाडव्याची वाट पाहण्याचे कारण नाही.